हौसेला मोल नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक लहानसा अपराध घडला. तो इतका लहान होता की कोणत्याही नियमपुस्तकात त्यासाठी कलम सापडणार नाही. आणि इतका नेहमीचा होता की वाचकांपैकी बहुतेकांनी तो चालू महिन्यातच एकदा तरी केला असेल. तरीही तो आमच्या मनातून जात नाही, म्हणून येथे मांडीत आहोत.

म्हैसूरला (सरकारी कागदांवर आता 'मैसूरु' असे लिहितात, पण मराठी जिभेला म्हैसूरच सोयीचे) आम्ही बदलून आलो त्याला तिसरे वर्ष लागले. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आमच्याच वयाचे एक गृहस्थ राहतात. तेही मराठी, तेही बदलीवर आलेले, आणि दिवसभर हिशेबतपासणीच्या कागदांत बुडालेले. पन्नाशी ओलांडल्यावर या गृहस्थांनी पियानो शिकावयास घेतला. वाद्य विजेवर चालणारे आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते कानांना हेडफोन लावून वाजवितात. त्यामुळे खिडकीतून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच, की एक पोक्त मनुष्य एका मुक्या टेबलावर बोटे आपटीत आहे आणि मधूनच स्वतःवर रागावत आहे.

त्यांच्यासारख्याच नऊ-दहा हौशी वादकांचे एक मंडळ आहे. कोणी नागपूरला बँकेत आहे, कोणी बेळगावला डॉक्टर आहे, कोणी बडोद्याला शाळेत गणित शिकविते. त्यांपैकी एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले थोडेच. प्रत्येकाने महिनाभर एक रचना बसवावयाची, ठरलेल्या रविवारी तिचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून इतरांना पाठवावयाचे, आणि प्रत्येकाने प्रत्येकाचे ऐकून दोन ओळी लिहावयाच्या, एवढाच त्यांचा नियम. या प्रकाराला ते मैफल म्हणतात. श्रोते तेच, गवई तेच.

एका रविवारी शेजाऱ्यांनी आपले वादन आम्हालाही पाठविले. शूमानची एक लहानशी रचना होती. आम्ही ती ऐकू लागलो, तेवढ्यात कोणीतरी दारावर आले, आणि नंतर आम्ही उत्तर लिहिले : "अप्रतिम! ऐकून फार आनंद झाला." दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास निघताना ते म्हणाले, "मधल्या भागात मी चक्क थांबलो आणि मागून पुन्हा सुरू केले. पुसून टाकून नव्याने मुद्रण करावे असे वाटले होते, पण तसेच राहू दिले. तुम्हाला ते कसे वाटले?" आम्हाला काहीच वाटले नव्हते. आम्ही तेथवर पोचलोच नव्हतो. आम्ही काहीतरी पुटपुटलो, आणि त्यांनी विषय बदलला. ज्या सौजन्याने त्यांनी तो बदलला, त्यानेच आमचा अपराध आमच्यापुढे स्पष्ट केला.

हा अपराध कोणता? प्रथमदर्शनी वाटते की असत्य बोलण्याचा. जे चांगले आहे की नाही हे ठाऊक नाही, त्याला आम्ही चांगले म्हटले. सत्य आणि प्रिय यांची सांगड कशी घालावी याचा उपदेश आपण सर्वांनी शाळेतच पाठ केला आहे. पण त्या उपदेशाने आमचे समाधान झाले नाही. कारण समजा, आम्ही ती रचना शेवटपर्यंत ऐकली असती आणि खरोखरच ती सामान्य आहे असे आमचे मत झाले असते, तर काय करावयास हवे होते? आमच्या मनातल्या कचेरीत दोन न्यायाधीश बसले आहेत. एक कडक आहेत. ते म्हणतात, "सामान्य वादनाला सामान्य म्हणा. जगातील श्रेष्ठ वादकांचे वादन आज खिशातल्या यंत्रावर मिळते. मग पन्नाशीच्या हिशेबनिसाने तीच रचना अडखळत वाजविण्यात जगाचा काय लाभ? त्याला उत्तेजन देणे म्हणजे त्याचा आणि तुमचा वेळ दवडणे." दुसरे दयाळू आहेत. ते म्हणतात, "बिचाऱ्याला बरे वाटते, तुमचे काय जाते? दोन गोड शब्द लिहून टाका." आम्ही दुसऱ्यांचा निकाल मानला होता. पण विचार करू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की या दोघांत वाटतो तितका भेद नाही. शेजाऱ्यांचे वादन ऐकण्याजोगे नाही, हे दोघांनीही ऐकण्यापूर्वीच ठरविले आहे.

आपल्या भाषेत 'हौस' हा शब्द अरबीतील 'हवस'वरून आला. हिंदीत हवस या शब्दाला वासनेचा उग्र दर्प आला. मराठीत मात्र तोच शब्द लग्नकार्यात, तोरणा-रांगोळ्यांत, मुलाबाळांच्या कौतुकात वावरून निर्मळ झाला. युरोपीय भाषांत हौशी मनुष्याला जो शब्द आहे, त्याचे मूळ लॅटिनमधील 'प्रेम करणे' या क्रियापदात आहे. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. या म्हणीचे दोन अर्थ होतात आणि ते परस्परांच्या अगदी उलट आहेत. हौसेची किंमत करता येणार नाही इतकी ती मोठी, हा एक. आणि हौसेला बाजारात काडीची किंमत नाही, हा दुसरा. आपले कडक न्यायाधीश दुसरा अर्थ घेतात. पहिला अर्थ खरा करून दाखविणारे उदाहरण शोधू लागलो, तेव्हा आम्हाला ते आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या राजवाड्यातच सापडले.

म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांचा जन्म १८ जुलै १९१९ चा. या घराण्यात संगीत पिढीजात होते. त्यांचे चुलते नाल्वडी कृष्णराज वाडियार स्वतः अनेक वाद्ये वाजवीत. जयचामराजेंद्रांनी वेंकटगिरियप्पांकडे वीणेचे पाठ घेतले. पण तरुणपणी त्यांचा जीव जडला तो पियानोवर. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयाची 'लायसेन्शिएट' ही पदवी त्यांनी मिळविली. मैफलीत वाजविणारा पियानोवादक व्हावे ही त्यांची आकांक्षा होती, आणि त्यासाठी राख्मानिनॉव्हकडे शिकण्याची त्यांची इच्छा होती असे सांगतात. परंतु १९४० च्या मार्चमध्ये त्यांचे वडील युवराज कंठीरव नरसिंहराज वाडियार वारले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चुलते महाराज वारले. सप्टेंबर १९४० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ज्या हातांनी पियानो वाजवावयाचा होता त्यांत राज्याचा कारभार आला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांनी असा एखादा पियानो मागे सोडला आहे! कोणी गात असे, कोणी चित्रे काढीत असे, कोणाच्या कविता महाविद्यालयाच्या अंकात येत. मग स्पर्धापरीक्षा आली, नेमणूक आली, पहिली बदली आली. असा सोडलेला छंद पुढे बहुधा दोन रूपे घेतो. एक तर तो मनात आंबतो, आणि मनुष्य ज्यांना ते साधले त्यांच्यातील उणिवा काढीत बसतो. नाही तर 'आम्हीही एके काळी...' अशा गोष्टींत त्याचे विसर्जन होते. महाराजांनी तिसरी वाट धरली. वादक होणे शक्य नाही हे मान्य करून ते श्रोते झाले; आणि श्रोता होणे हेही एक काम आहे, अशा निष्ठेने झाले. त्यांच्या संग्रहात सुमारे २०,००० ध्वनिमुद्रिका होत्या. ज्या काळात मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे, त्या काळातील हा आकडा आहे. एखादा कॉन्चेर्तो ऐकावयाचा म्हणजे दर चार मिनिटांनी उठून तबकडी पालटावयाची. अशा रीतीने ऐकणाऱ्याला ऐकतो आहोत याचा विसर पडणे शक्यच नव्हते.

या श्रवणातून त्यांना निकोलाय मेट्नर सापडला. मेट्नर हा रशियन पियानोवादक आणि रचनाकार, जन्म १८८० चा. राख्मानिनॉव्हशी त्याचा जिव्हाळा असा, की मेट्नरने आपला दुसरा पियानो-कॉन्चेर्तो राख्मानिनॉव्हला अर्पण केला आणि राख्मानिनॉव्हने आपला चौथा मेट्नरला. १९२१ मध्ये रशिया सोडल्यावर जर्मनी, फ्रान्स असे करीत तो १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडला स्थायिक झाला. नव्या शतकाच्या नव्या पद्धतीचे संगीत त्याला मानवेना. आपले जुने, घट्ट विणीचे संगीतच तो लिहीत राहिला, आणि म्हणून काळाने त्याला बाजूस सारले. महायुद्ध सुरू झाले तसे जर्मन प्रकाशकांकडून येणारे त्याचे उत्पन्नही बंद पडले, प्रकृती ढासळली. त्या काळात एडना आइल्स या त्याच्या शिष्येच्या घरी त्याला आसरा मिळाला. युद्ध संपले तेव्हा तो पासष्टीचा होता आणि जगाच्या दृष्टीने जवळजवळ विस्मृत होता.

अशा वेळी, पाच हजार मैलांवरच्या एका दक्षिणी संस्थानातून त्याला मदतीचा हात आला. म्हैसूरच्या महाराजांनी खर्च उचलला, 'मेट्नर सोसायटी' स्थापन झाली, आणि हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने मेट्नरच्या रचना त्याच्याच हातून मुद्रित करण्यास प्रारंभ केला. तिन्ही पियानो-कॉन्चेर्तो त्याने १९४७ मध्ये स्वतः वाजविले. पुढे गीते आणि इतर रचनाही मुद्रित झाल्या. त्याने आपला तिसरा कॉन्चेर्तो महाराजांना अर्पण केला. पहिले मित्रप्रेमाचे अर्पण एका महान वादकाला, आणि हे अखेरचे एका अशा माणसाला की जो वादक होऊ शकला नव्हता. नोव्हेंबर १९५१ मध्ये मेट्नर वारला. तो आज कसा वाजवीत होता हे आपल्याला ऐकता येते, याचे श्रेय बऱ्याच अंशी म्हैसूरला आहे.

या कथेचा बोध काढण्याची घाई आम्हाला झाली होती. पण येथे वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. महाराजांना हे शक्य झाले कारण ते महाराज होते. आपल्यासारख्या पगारदाराने कोणाच्या ध्वनिमुद्रिका काढाव्यात? शिवाय, राजाची उदारता अखेरीस प्रजेच्या पैशावरच चालते. सातासमुद्रापलीकडच्या संगीतापेक्षा तो पैसा घरी अधिक उपयोगी पडला नसता काय? या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशी पूर्ण उत्तर नाही. कलेला मिळालेल्या प्रत्येक राजाश्रयाविषयी तो विचारता येईल, आणि विचारलाच पाहिजे. परंतु पहिल्या आक्षेपाचे उत्तर मेट्नरच्या चरित्रातच आहे. आपल्या गुरूला घरात जागा देणाऱ्या शिष्येजवळ कोणते संस्थान होते? आणि धनवान माणसे त्या काळी जगात थोडी का होती? त्यांच्यापैकी कोणाला मेट्नरची उणीव भासली नाही. म्हैसूरच्या तरुणाला ती भासली, कारण त्याने ते संगीत लक्ष देऊन ऐकले होते. आणि त्याला ते तसे ऐकता आले, कारण आयुष्याच्या एका टप्प्यावर त्याने स्वतः त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशी झुंज घेतली होती. पैसा मागाहून आला. आधी कान होता.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही. १९४५ मध्ये वॉल्टर लेग याने लंडनमध्ये फिलहार्मोनिया वाद्यवृंद उभा केला. १९४८ मध्ये फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले ते म्हैसूरचे महाराज. रिचर्ड श्ट्राउसने वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी रचलेली, आज 'अखेरची चार गीते' या नावाने जगभर ओळखली जाणारी गीते, त्याच्या मृत्यूनंतर २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम गाइली गेली. गायिका कर्स्टन फ्लागस्टाट, संचालक फुर्टव्हेंग्लर. त्या कार्यक्रमाच्या खर्चाची हमी महाराजांनी घेतली होती. ते स्वतः मात्र तेथे हजर नव्हते. त्यांच्या संग्रहासाठी त्याचे मुद्रण करण्यात आले आणि ते म्हैसूरला रवाना झाले. ज्या मैफलीसाठी जगातील कोणताही रसिक हवे ते देऊन आसन मिळविता, तिचा आश्रयदाता ती घरी बसून, तबकडीवर ऐकणार होता. गावापासून दूर नोकरी करणाऱ्या, लग्ने-मुंजी छायाचित्रांत पाहणाऱ्या आम्हा लोकांना या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दूर असणे ही उणीव खरी. पण दूर असूनही ऐकता येते, आणि दूरच्या श्रोत्याचाही कलावंताला आधार होतो.

पुढे संस्थान गेले. महाराज राजप्रमुख झाले, मग १९५६ पासून म्हैसूर राज्याचे राज्यपाल झाले, आणि १९६४ मध्ये राज्यपाल म्हणून मद्रासला गेले. एका अर्थी तेही बदलीवर गेले! कर्नाटक संगीतात 'श्रीविद्या' या मुद्रेने त्यांनी ९४ कृती रचल्या. २३ सप्टेंबर १९७४ रोजी ते वारले. मैफलीचा पियानोवादक म्हणून त्यांचे नाव कोठेही नाही.

आता आपल्या कडक न्यायाधीशांकडे वळू. ते म्हणतील, "हे सर्व मान्य, पण हे तर प्रतिभावंत हौशी माणसाचे उदाहरण. तुमच्या शेजाऱ्यांचे काय?" यावर आम्हाला मुंबईची एक संस्था आठवते. १८७० मध्ये कैखुशरू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी एक गायनसंस्था काढली आणि तिला नाव दिले 'गायन उत्तेजक मंडळी'. नावातच उत्तेजन! व्यापारी, वकील, कारकून अशा मंडळींनी आपल्या रागदारीचे शिक्षण घ्यावे, हा तिचा हेतू. तेथे १८८४ च्या सुमारास एक मराठी तरुण येऊ लागला. त्याने पुढे वकिली केली, आणि मग वकिली सोडून देशभर हिंडून शेकडो बंदिशी गोळा केल्या. ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'शिवाय आज आपल्याकडील संगीताचा वर्ग चालत नाही. हौशी मंडळींच्या त्या ओसरीवरून हिंदुस्थानी संगीताचा एक मोठा शास्त्रकार बाहेर पडला.

पण हे उदाहरण देताना आम्हीच अडखळतो. कारण त्या मंडळीत भातखंडे एकच होते. बाकीचे सभासद संध्याकाळी येत, गात, आणि घरी जात. त्यांची नावे कोणी ठेवली नाहीत. भातखंडे निघाले म्हणून ती मंडळी सार्थ, असे म्हणणे म्हणजे लॉटरी लागलेल्या एका तिकिटावरून सर्व तिकिटांची किंमत ठरविणे होय. हौसेची बाजू मांडावयाची तर ती त्या अनाम सभासदांच्या वतीनेच मांडली पाहिजे. ती बाजू अशी : एकदा स्वतःच्या गळ्यातून शुद्ध निषाद लावण्याचा यत्न केलेला कारकून दुसऱ्या दिवशी खांसाहेबांचा निषाद ज्या कानाने ऐकतो, तो कान आदल्या दिवशी त्याला नव्हता. आमचे शेजारी आठ ओळींची रचना महिनाभर घोटतात. तीच रचना श्रेष्ठ वादकाने वाजविलेली ऐकताना आम्हाला गोड वाटते. त्यांना मात्र पाचव्या ओळीपाशी श्वास रोखावा लागतो, कारण तेथे काय घडते आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. श्रेष्ठ वादकाला खरा श्रोता हवा असेल, तर तो अशा अडखळणाऱ्या घरांतूनच त्याला मिळेल.

ध्वनिमुद्रणाने या व्यवहारात एक फरक मात्र घडविला आहे, आणि आमच्या अपराधाचे मूळ तेथे आहे. म्हैसूरशीच निगडित असलेली आणखी एक व्यक्ती पाहा. गौहर जान यांचे गाणे १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रित झाले; हिंदुस्थानात मुद्रण झालेल्या अगदी पहिल्या गायिकांपैकी त्या एक. मूळ मुद्रणे जर्मनीत हानोव्हरला जात आणि तबकड्या तेथे तयार होत. म्हणून गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत पुकारीत, की तेथील कामगारांना तबकडी कोणाची ते कळावे. पुढे १९२८ मध्ये त्यांची म्हैसूर दरबारी नेमणूक झाली, आणि १७ जानेवारी १९३० रोजी त्या येथेच वारल्या. ती आरोळी आज ऐकली की आम्हाला ती केवळ कामगारांसाठी होती असे वाटत नाही. समोर बसलेल्या श्रोत्याला गवयाचे नाव सांगावे लागत नाही. मैफलीत दाद जागच्या जागी जाते. समेवर मान हलली नाही तर गवयाला ती हललेली नाही हे दिसते. तबकडीपुढे गाणाऱ्याला काहीच दिसत नाही. श्रोता अर्ध्यावर उठून गेला तरी त्याला पत्ता नाही. म्हणून मुद्रित संगीत ऐकणाऱ्याची जबाबदारी मैफलीतल्या श्रोत्याहून कमी नसून अधिक आहे. तेथे त्याच्यावर नजर ठेवणारे त्याचे स्वतःचे मन तेवढे असते.

आता आमचा अपराध कोणता ते आम्हाला सांगता येईल, आणि तो या पत्राच्या वाचकांना कळेल अशा भाषेत सांगता येईल. फाइल न वाचता तिच्यावर 'पाहिले' असा शेरा लिहून आम्ही आद्याक्षरी केली. कचेरीत असे करणाऱ्याला आपण काय म्हणतो? निर्णय चुकला तर आपण क्षमा करतो, मतभेद झाला तर वाद घालतो. पण न पाहता 'पाहिले' लिहिणाऱ्यावरचा विश्वास कायमचा जातो. 'अप्रतिम' हा शब्द वादनाविषयी खरा होता की खोटा, हा प्रश्न दुय्यम आहे. 'ऐकून फार आनंद झाला' यातील 'ऐकून' हा शब्द खोटा होता. आणि ज्याला आपण उत्तेजन म्हणतो, ते सारे त्या एका 'ऐकून'मध्ये आहे. स्तुती ही त्यावरची मोहोर. कागद कोरा असेल तर मोहोर कशावर मारणार?

गोपनीय अहवालांचा अनुभव आपणा सर्वांना आहे. प्रत्येक हाताखालच्या माणसाला 'अत्युत्कृष्ट' लिहिणारा अधिकारी स्वतःला दयाळू समजतो. परंतु त्याच्या अहवालाने कोणाचेच भले होत नाही. जो खरोखर राबला त्याचे तर नुकसानच होते, कारण त्याच्या कष्टांकडे कोणी पाहिले याचा पुरावाच उरत नाही. उलट, 'अमुक प्रकरणातील जुनी थकबाकी यांनी स्वतः बसून निकालात काढली' असे एक वाक्य लिहिणाऱ्या कडक वरिष्ठाची आठवण माणूस निवृत्तीनंतरही काढतो. हौशी वादकाला हवे असते ते असे एक वाक्य. आपण राख्मानिनॉव्ह नाही हे त्याच्याइतके चांगले कोणाला ठाऊक? तो आपल्याकडे दर्जाचा दाखला मागत नाही. महिनाभर एकट्याने केलेल्या कामाला एक तरी साक्षीदार असावा, इतकीच त्याची मागणी असते.

यावरही एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. लक्षपूर्वक ऐकले, आणि सांगण्यासारखे चांगले काहीच सापडले नाही, तर? आमच्या शेजाऱ्यांनी याबाबत आपल्या मंडळातील एक अनुभव सांगितला. एका वयोवृद्ध सभासदांची बोटे आता कापतात. लय राहत नाही, सूर निसटतात. दर महिन्याला त्यांचे वादन थोडे खालीच जाते. "त्यांना तुम्ही काय लिहिता?" आम्ही विचारले. ते म्हणाले, "गेल्या महिन्यात त्यांनी डाव्या हाताचा भाग सोपा करून घेतला होता. तो कोठे सोपा केला आणि काय राखले, ते मी लिहिले. तो निर्णय चांगला होता. वादन चांगले झाले असे मी लिहिले नाही, आणि त्यांनीही ते विचारले नाही."

सत्य आणि प्रिय यांचा झगडा सोडविण्याची ही रीत आम्हाला कोणत्याही ग्रंथात मिळाली नव्हती. पुरेसे लक्ष दिले तर बहुधा असे एखादे सत्य सापडतेच की जे सांगता येते. ते सापडत नाही तेव्हा दोष दर वेळी वाजविणाऱ्याचाच असतो असे नाही. पुष्कळदा आपण लवकर उठलेलो असतो. आणि खरोखरच काही नसेल, तर 'दोनदा ऐकले' एवढे लिहावे. ते खरे असेल तर पुरेसे आहे.

त्यानंतरच्या महिन्यात शेजाऱ्यांनी नवे वादन पाठविले तेव्हा आम्ही दार लावून बसलो. साडेतीन मिनिटांचे होते. पहिल्या वेळी आमचे मन तीनदा कचेरीत जाऊन आले, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या वेळी एकदाच. तिसऱ्यांदा ऐकताना आमच्या ध्यानात आले की शेवटच्या दोन ओळी ते आधीपेक्षा संथ वाजवितात, आणि अखेरचा सूर विझेपर्यंत बोट उचलीत नाहीत. मागून कोठेतरी कुकरची शिट्टी ऐकू येते, तरीही उचलीत नाहीत. आम्ही तेवढेच लिहिले. विशेषण एकही घातले नाही.

त्यांचे उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास निघालो तेव्हा चामुंडी टेकडीवर धुके होते. बरेच अंतर चालून गेल्यावर ते म्हणाले, "तो सूर धरून ठेवावा की सोडावा, यावर माझे चार दिवस गेले होते." मग त्यांनी आमच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

परवा त्यांच्या बदलीचा हुकूम आला. पियानो सामानाबरोबर जाईल, त्याला दोन गाद्यांमध्ये बांधावे लागेल, अशी चर्चा चालू आहे. ठरलेल्या रविवारी वादन पाठविण्याचे त्यांनी मान्य केले आहे. आणि आम्ही ते ऐकण्याचे.